मन शांत होत नाही म्हणजे विश्वास कमी आहे का?

ताई, जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिले आहे की आईचे डायलिसिस आठवड्यातून तीन दिवस असते, प्रत्येक वेळी चार तास. मुलगी दहावीत आहे आणि तुमच्या रजा संपत आल्या आहेत. पहाटे पाचला उठून तुम्ही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता, फोनवर चार-पाच ग्रुपवर वचने येतात, त्यांना ‘आमेन’ लिहिता. तरी आठ वाजता सेंटरच्या बाकावर बसले की छातीत पुन्हा तीच धडधड सुरू होते. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असे सांगितले. शेवटी तुम्ही विचारले आहे, रोज किती वेळ आणि कोणती वचने वाचू म्हणजे मनाला शांती मिळेल?

वेळ आणि वचने यांबद्दल पुढे लिहितोच. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटले की तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्ही भीतभीत मधल्याच एका ओळीत लिहिला आहे: ‘मला शांती वाटत नाही, म्हणजे देव माझ्यापासून दूर गेला आहे का?’ त्याचे उत्तर आधी देतो. नाही. मन अस्वस्थ असणे हा अविश्वासाचा पुरावा नाही. गेथशेमाने बागेत आपला प्रभूच शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, आणि त्याने तिघांना जवळ थांबून जागे राहायला सांगितले. त्या रात्री त्याचा विश्वास कमी पडला होता असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? मग आईच्या सुईकडे पाहून तुमचे काळीज धडधडले, तर त्याचा दोष तुमच्या विश्वासावर कशासाठी ठेवायचा?

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. मी चौतीस वर्षे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो. त्यातली अकरा वर्षे एका मिशन रुग्णालयात रुग्णांजवळ बसण्याचे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम केले. तिथे शिकलो ते हे की ‘शांती नाही’ या एकाच वाक्यामागे निरनिराळी माणसे निरनिराळे सांगत असतात. कोणी दुःखात असते, कोणी अपराधाच्या ओझ्याखाली असते, कोणी नुसतेच थकलेले असते आणि कोणी खरोखर आजारी असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते. औषध घेणे म्हणजे देवाला सोडणे नव्हे. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती फार नंतर. शास्त्रातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा हा १९ वा अध्याय. रुग्णालयात असताना हा अध्याय मी रुग्णांच्या नातेवाइकांना जितक्या वेळा वाचून दाखवला, तितका दुसरा कोणताच नसेल.

म्हणून पहिली सूचना तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. डायलिसिसच्या तीन दिवशी पहाटे पाचला उठू नका. सहापर्यंत झोपा. तुम्ही रात्री बाराला पाठ टेकता असे लिहिले आहे, म्हणजे पाच तासांच्या झोपेवर तुम्ही आई, मुलगी, नोकरी आणि प्रार्थना असे सगळे रेटत आहात. त्या पाच तासांतला आणखी एक तास देवाला दिला की तो अधिक प्रसन्न होतो, असे शास्त्र कुठे म्हणत नाही. उलट १२७ वे स्तोत्र सांगते की पहाटे उठणे, उशिरा निजणे आणि कष्टाची भाकर खाणे हे व्यर्थ आहे, आपल्या प्रियजनांना तो झोपही देतो.

दुसरी गोष्ट वचनांची. इथे मी माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यातूनच माझी पुढची सगळी पद्धत घडली. रुग्णालयात माझे पहिलेच वर्ष होते. ऊसतोडणीला गेलेल्या एका माणसाचा लहान मुलगा दगावला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि रोमकरांस पत्रातले वचन वाचले, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. वचन खरेच होते, पण ते मी त्याच्या जखमेवर दगडासारखे ठेवले. संध्याकाळी वॉर्डातली एक म्हातारी आया त्याच्याजवळ जमिनीवर बसली, त्याला चहा दिला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळू आवाजात एक भजन म्हणू लागली. तो तेव्हा पहिल्यांदा रडला. मी दारात उभा होतो. खरे वचनही अवेळी दिले तर धीर देत नाही, हे मला त्या दाराशी कळले.

तेव्हापासून मी दुःखातल्या माणसाला आश्वासनाचे वचन आधी देत नाही, तक्रारीचे देतो. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देवाच्या लोकांनी उपासनेत गायची म्हणून ती जपली. १३ वे स्तोत्र काढा, अवघ्या सहा ओव्यांचे आहे. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवा, तू मला विसरलास का, असे दावीद सरळ विचारतो. शेवटी तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो, पण आधी विचारून घेतो. आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे. ज्या दिवशी तुमच्याकडे उजेडाची ओळ नसेल, त्या दिवशीची प्रार्थनाही तुमच्यासाठी लिहून ठेवलेली आहे.

याचा उपयोग कसा होतो? बाकावर बसून मनात जे चालते ते आठवा: पुढच्या महिन्याचे पैसे कुठून आणू, आईला किती दिवस आहेत, मुलीकडे लक्ष देणे होत नाही. हे तुम्ही स्वतःलाच सांगत असता आणि स्वतःला सांगून ते संपत नाही, गरगर फिरत राहते. हेच शब्द, एकही न बदलता, ‘प्रभू’ असे म्हणून त्याच्याकडे तोंड करून सांगा. चिंतेतले आणि प्रार्थनेतले शब्द पुष्कळदा तेच असतात, ऐकणारा बदलतो. सुंदर भाषा लागत नाही. ‘प्रभू, चौदा तारखेला पैसे भरायचे आहेत, माझ्याकडे नाहीत, मला भीती वाटते’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

फोनवरच्या वचनांबद्दल माझे मत जरा कडक आहे. आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षासाठी वचनाचे कार्ड काढतात. माझ्या आईने तिची कार्डे शास्त्रात जपून ठेवली होती, त्यामुळे त्या प्रथेला मी वाईट म्हणणार नाही. पण एक कार्ड वर्षभर पुरायचे, ते मनात मुरायचे. आता सकाळी आठच्या आत पंधरा वचने येतात, प्रत्येकामागे सूर्योदयाचे चित्र, आणि आपण अंगठ्याने सरकवत जातो. शिवाय ती कापलेली असतात. तुम्हाला कोणीतरी ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ एवढेच पाठवले आणि ते वाचून तुम्हाला अपराधी वाटले, असे तुम्ही लिहिले आहे. वाटणारच, कारण निम्मेच वाक्य हाती आले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले हे वचन, पुढे प्रेषित पौल म्हणतो की सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून, आभार मानून, आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ‘राखील’. हे लिहिले तेव्हा तो बेड्यांत होता, त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो स्वतः तसे सांगतो.

त्या ‘राखील’ शब्दापाशी थोडे थांबा. मूळ ग्रीकमध्ये तो शिपायांच्या पहाऱ्याचा शब्द आहे, आणि आपल्या मराठीत तो शेतातला आहे. मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. ज्वारी हुरड्यात आली की आम्हा पोरांना राखणीला पाठवत. मचाणावर बसायचे, हातात गोफण. पाखरे येत नाहीत असे कधी होत नसे. दिवसभर थव्याने येत. राखणदार असला तरी पाखरे येतात, पण त्याच्यामुळे ती कणसांवर बसून राहत नाहीत आणि पीक हाती लागते. तुम्ही शांतीची जी कल्पना मनात धरली आहे ती पाखरेच नसलेल्या आभाळाची आहे, आणि ते मिळत नाही म्हणून रोज हरल्यासारखे वाटते. देवाने जे देऊ केले ते राखण आहे. भीती आठ वाजता आली, सव्वाआठला पुन्हा आली, तरी तुम्ही आईचा हात धरून बसलात, नर्सशी नीट बोललात, मुलीला फोन करून डबा घेतलास का विचारलेत. ताई, ही राखण नाही तर काय आहे? तुम्हाला ती जाणवली नाही एवढेच.

आणखी एक गोष्ट. ही राखण आजच्या दिवसापुरती मिळते. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळाला तेव्हा प्रत्येकाने त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. काहींनी सकाळपर्यंत उरवून ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायचा असे. प्रभूनेही आपल्याला ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे मागायला शिकवले. आपल्या शास्त्रात तिथे ‘भाकर’ शब्द आहे याचे मला फार समाधान वाटते, कारण भाकर काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. ती सणाची पुरणपोळी नाही. रोज खाताना कोणी ‘वा’ म्हणत नाही. कालची आज वातड होते, म्हणून रोज थापावी लागते. तुमच्या सकाळच्या वाचनातून काही वाटले नाही असे होईल, पुष्कळ दिवस होईल. माझेही होत आले आहे. तरी त्या भाकरीने अंगात बळ येते.

हे सगळे डोक्यात ठेवून तुम्ही विचारलेला दिनक्रम सांगतो. मी स्वतः करतो तो असा आहे, तुमच्या घराप्रमाणे त्यात बदल करा. तुम्ही कॅथलिक असाल तर रोजची मिस्सा आणि रोझरी तुमच्या हाताशी आहेतच. घरात तुम्ही एकट्याच ख्रिस्ती असाल तर मोठ्याने म्हणणे जमणार नाही, तेव्हा ओठांतल्या ओठांत म्हणा.

उठल्यावर फोन हातात घेण्याआधी एकच स्तोत्र, लांब असेल तर त्याचा एक भाग, आवाज काढून वाचा. मोठ्याने वाचताना श्वास संथ होतो, डोळे ओळीवरून पळत नाहीत आणि आपलाच आवाज आपल्या कानावर पडतो. मग फक्त आजच्या दिवसातल्या गोष्टी नावाने देवाला सांगा. उद्याच्या नकोत. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ असे प्रभू म्हणाला, त्यात हिशेब आहे: बळ आजचे मिळते, त्यावर उद्याचे ओझे घातले तर ते पुरणार कसे? याला दहा मिनिटे लागतात. तेवढी पुरतात.

सेंटरमध्ये चार तास असतात. तिथे नवे काही वाचू नका, पाठ असलेले म्हणा. तेविसावे स्तोत्र तुम्हाला लहानपणापासून येत असेलच. त्यातली एक गोष्ट पाहा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ इथून पुढे तीन ओव्या देवाविषयी ‘तो’ म्हणून चालतात: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला पाण्याजवळ नेतो. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडते त्या चौथ्या ओवीत मात्र दावीद एकदम ‘तू’ म्हणतो, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. कुरणात असताना तो देवाबद्दल बोलत होता, दरीत देवाशी बोलू लागला. मी अशा कितीतरी आजींजवळ बसलो आहे ज्यांना अक्षर येत नव्हते, ज्यांनी हे स्तोत्र घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ऐकून ऐकून पाठ केले होते. शेवटच्या दिवसांत त्यांना लेकरांची नावे आठवत नसत, पण मी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हटले की ओठ हलत आणि पुढची ओळ त्या पुरी करत. पाठांतराचे मोल मला त्यांनी शिकवले.

रात्री आभाराची एक ओळ वहीत लिहा. एकच, पण नेमकी. ‘सर्व आशीर्वादांबद्दल आभार’ असे नको. ‘आज सुई पहिल्यांदाच नीट लागली’, ‘शेजारच्या काकूंनी आमटी पाठवली’. सुरुवातीला शोधावे लागते, नंतर दिवसभर डोळे आपोआप तिकडे वळू लागतात.

आता माणसांविषयी, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. तुम्ही हे सगळे एकट्याने वाहत आहात. मंडळीत ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढेच सांगता आणि लोक मान हलवून जातात. पौल करिंथकरांस लिहितो की मासेदोनियात असताना आम्हांला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणे, आत भीती, आणि दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने आमचे सांत्वन केले. स्वर्गातून दर्शन झाले नाही, एक मित्र आला. म्हणून नेमके मागा. पाळकांना सांगा, महिला मंडळाला सांगा: दर बुधवारी आईजवळ चार तास बसायला एक माणूस हवे. बुधवार सुटला तर तुमची रजा वाचेल आणि तुम्ही थोडे झोपाल. कोणी नाही म्हणाले तर वाईट वाटेल, तरी दुसऱ्याला विचारा. माझ्या अनुभवात लोक निष्ठुर नसतात, काय करायचे ते त्यांना कळत नाही.

तुम्ही असेही विचारले आहे की विश्वासात मोठी असलेली माणसे अशी डळमळत नसतील ना. मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. लग्नानंतर दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच १८८२ साली पती वारले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी अनाथ मुली आणि विधवा सांभाळल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत शास्त्राचे भाषांतर करायला घेतले, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंचे वय तेव्हा त्रेसष्ट. त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, त्या वारल्या. मुलीच्या मागे उरलेल्या त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल हे मला सांगता येणार नाही, पण त्या रोज कामाला बसत होत्या एवढे ठाऊक आहे. शेतातल्या राखणीबद्दल वर लिहिले ते मला त्यांच्या त्या महिन्यांत दिसते.

ज्या बाईंनी ‘विश्वास कमी’ म्हटले त्यांच्यावर राग धरू नका. त्या रोमकरांसचे वचन हातात घेऊन उभ्या आहेत, जसा मी एकदा उभा होतो. जमले तर त्यांनाच एखाद्या बुधवारी बसायला बोलवा.

शेवटी आईविषयी. ‘आईला काय वाचून दाखवू’ असे तुम्ही विचारले आहे. १३१ वे स्तोत्र तीनच ओव्यांचे आहे. त्यात दावीद म्हणतो की दूध तुटलेले बाळ आईजवळ असते तसा माझा जीव शांत आहे. अंगावरचे पोर आईजवळ येते ते दूध मागत येते. दूध तुटलेले पोर काही न मागता नुसते टेकून बसते. पण दूध तुटायच्या रात्री कशा असतात, हे तुम्ही तुमच्या मुलीच्या वेळी अनुभवले असेल आणि तुमच्या आईने तुमच्या वेळी. पोर रात्ररात्र रडते, आई त्याला थोपटत जागी असते. त्या रडण्यात ते आईच्या कुशीतच असते. हे स्तोत्र आईला वाचून दाखवा आणि तुम्ही कशा रडत होतात ते तिला विचारा, तिला नक्की आठवत असेल. मग लहानपणी त्यांच्या घरी संध्याकाळी कोणते भजन म्हणत तेही विचारा. मशीन सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास तिला बरे वाटत नाही असे तुम्ही लिहिले आहे, तो जाऊ द्या. नंतर तिने सुरुवात केली की तुम्ही मागून म्हणा.